थोमाचे आठ दिवस

पत्राचा सारांश : पुण्याच्या पूर्व भागात राहणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या चौदा वर्षे आपल्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलचा वर्ग घेत आहेत आणि त्यांचे वडील त्याच मंडळीच्या कमिटीवर आहेत. गेल्या जूनमध्ये त्यांचा छत्तीस वर्षांचा धाकटा भाऊ स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. आजारपणाच्या पाच महिन्यांत मंडळीने साखळी प्रार्थना केली, दर शुक्रवारी उपवास धरला, पाळकांनी तेल लावून प्रार्थना केली. दफनविधीनंतर घरी झालेल्या प्रार्थनासभेत नात्यातील एक वडीलधारी बाई म्हणाल्या, “कोणाच्या तरी प्रार्थनेत संशय राहिला असणार.” शेवटच्या स्कॅनच्या आदल्या रात्री ‘आता हा वाचत नाही’ असे या भगिनींच्या मनात येऊन गेले होते, आणि तो संशय आपलाच, या विचाराने तेव्हापासून त्यांची पाठ सोडलेली नाही. रविवारी विश्वासांगीकार (उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायचे विश्वासाचे कबुलीवचन) म्हणताना त्यांचा आवाज फुटत नाही, आणि तासाभराने त्याच वर्गातल्या मुलांसमोर उभ्या राहून येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट सांगतात. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याचे वचन स्वतःच्या तोंडाने देण्याच्या विधीच्या) वर्गाला जाणाऱ्या त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने एकदा विचारले, “मामासाठी एवढी प्रार्थना केली, मग?” त्यावर त्यांनी “देवाची योजना” असे उत्तर दिले, तेव्हा तो उठून गेला आणि त्याने दार लावून घेतले. पतीशी किंवा वडिलांशी त्या यातले काहीही बोललेल्या नाहीत. वर्ग सोडावा का, आणि सोडला नाही तर मी ढोंगी ठरते का, असे त्या विचारतात. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांना येशूचा शिष्य थोमा याचा पाठ घ्यायचा आहे.

प्रिय ताई,

सर्वांत आधी त्या एका रात्रीविषयी बोलू या, कारण तुमचे सगळे पत्र तिच्याभोवतीच फिरते आहे. ‘आता हा वाचत नाही’ हे तुमच्या मनात आले तोवर पाच महिन्यांचे रिपोर्ट तुमच्या हातांखालून गेले होते, आणि त्याच्या मनगटावरचे घड्याळ सैल होत होत कोपराकडे घसरू लागलेले तुम्हीच पाहिले होते, असे तुम्ही लिहिले आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग बहुतेक वेळा पसरल्यानंतरच लक्षात येतो आणि तोपर्यंत उपचारांच्या हाती फारसे उरलेले नसते. ज्या बहिणीने रोज त्याच्या गोळ्या मोजल्या आणि दोन घास भात त्याच्या पोटात जावा म्हणून तासतासभर वाटी हातात धरली, तिला हे कळणारच होते. तुम्ही त्याला संशय म्हणता, पण मला त्यात जे समोर होते ते पाहणारे बहिणीचे डोळे दिसतात. नासरेथच्या लोकांच्या अविश्वासामुळे येशूने तिथे फारसे चमत्कार केले नाहीत, ती गोष्ट तुम्ही पत्रात आणली आहे. ताई, त्या लोकांनी येशूला झिडकारले होते. तुम्ही तर रात्री दोन वाजता त्यालाच हाका मारत होता.

आता त्या बाईंचे वाक्य. त्यामागे एक हिशेब आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांत इतका रुळला आहे की आपण तो शास्त्राचाच समजतो : पुरेसा विश्वास घातला की बरे होणे मिळते, आणि मिळाले नाही तर कोणाच्या तरी विश्वासात तूट आली. येशूचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने वाचताना हा हिशेब पानोपानी चुकतो. मार्काच्या नवव्या अध्यायातील बाप आपल्या मुलाला घेऊन येतो तेव्हा विश्वास आणि अविश्वास यांची कबुली एकाच दमात देतो, आणि येशू त्याला ‘आधी तूट भरून आण’ असे सांगून परत पाठवत नाही. मुलगा त्याच क्षणी बरा होतो. उलट, दुःखाचा प्याला टळावा म्हणून गेथशेमाने बागेत ज्या येशूने प्रार्थना केली त्याच्या विश्वासात कोणती तूट होती? प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तरी तो काटा राहिला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असे येशूने विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले : नाही.

याकोबाच्या पत्रातील समुद्राच्या लाटेचे वचन तुमच्यासारख्या पुष्कळांना टोचते, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहू. संशय धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा आहे, हे याकोब पहिल्या अध्यायात लिहितो ते देवाकडे ज्ञान मागण्याच्या संदर्भात. आजाऱ्याविषयी तो पाचव्या अध्यायात लिहितो, आणि तिथे तो आजाऱ्याला किंवा त्याच्या बहिणीला विश्वासाची परीक्षा द्यायला बसवत नाही. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवा आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगतो. म्हणजे ओझे वाटून घेण्याची ती व्यवस्था आहे. ती बाजूला सारून सगळा भार एका माणसाच्या एका रात्रीतल्या एका विचारावर टाकणे, हा तुमच्यावर तर अन्याय आहेच, पण त्या वचनावरही आहे. त्या बाईंना तुम्ही एवढेच सांगावे असे मला वाटते : “मावशी, त्या दिवशीचे तुमचे शब्द मला फार लागले.” वाद घालू नका. अशी वाक्ये बहुधा भीतीपोटी निघतात, कारण दोष दुसऱ्याच्या प्रार्थनेत सापडला की आपल्या घरावर तसा प्रसंग येणार नाही, अशी मनाची समजूत घालता येते.

हे सगळे सांगितल्यावरही ‘मग तो का गेला’ हा प्रश्न तसाच उभा राहतो. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि जो कोणी ते झटकन देईल त्याच्याकडे मी तुम्हांला पाठवणार नाही. या प्रश्नासह कसे राहायचे, एवढेच आपण बोलू शकतो, आणि त्यासाठी थोमा फार उपयोगी आहे.

आपण त्याला ‘संशयी थोमा’ म्हणून मोकळे होतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो त्याआधी दोनदा बोलतो. येशूचा मित्र लाजार मेल्यावर यहूदीयात परत जाणे जिवावरचे होते, तेव्हा ‘चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असे म्हणणारा हाच. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी ‘आपण कोठे जाता हे आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार’ असे सर्वांच्या मनातले विचारणाराही हाच. ज्याने जीव ओवाळून टाकायची तयारी केली होती त्याचे सर्वस्व येशूला वधस्तंभावर खिळले त्या शुक्रवारी गेले. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो त्या घरात नव्हता, आणि बाकीच्यांनी ‘आम्ही प्रभूला पाहिले’ असे सांगितले तेव्हा त्याने काय मागितले पाहा. त्याने आकाशातले चिन्ह मागितले नाही, जखमा मागितल्या. ज्या देहाला खिळे ठोकले तोच हा देह आहे का, हे त्याला जाणून घ्यायचे होते. ज्याचे माणूस गेले आहे त्याला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही.

त्यापुढे योहान लिहितो की आठ दिवसांनंतर शिष्य पुन्हा त्या घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. पाठ शिकवताना आपण ‘आठ दिवसांनंतर’ हे शब्द पायरीसारखे ओलांडून जातो. मला मात्र गेली काही वर्षे त्याच शब्दांपाशी थांबावेसे वाटते. ‘मी विश्वास धरणारच नाही’ असे ज्याने तोंडावर सांगितले त्याला पेत्राने घराबाहेर काढले नाही, आणि थोमाही स्वतःहून निघून गेला नाही. ज्यांच्या तोंडी आनंदाची बातमी आहे अशा माणसांत, आपल्याला तो आनंद नसताना, आठ दिवस जेवणे, निजणे, दाराची कडी लावणे किती कठीण गेले असेल! आणि येशू आला तो दारे बंद असलेल्या त्याच घरात आला. त्याने आधी शांतीची सलामी दिली आणि मग थोमाने मागितले होते तेच त्याच्यापुढे केले.

तुमच्यात आणि थोमात मला दिसणारा फरक एवढाच आहे की त्याने ते बोलून दाखवले होते. तुम्ही त्या आठ दिवसांत आहात, पण घरात कोणालाच ते ठाऊक नाही.

ढोंगीपणाविषयी तुम्ही विचारले आहे, त्यामागे असे गृहीत आहे की विश्वास म्हणजे मनाची खात्री, आणि ती खात्री असेल त्यानेच येशूच्या मागे चालावे, निदान दुसऱ्याला शिकवावे तरी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, गालीलातील डोंगरावर, अकरा शिष्य येशूला नमन करतात आणि तिथेच मत्तय लिहून ठेवतो की काहींना संशय वाटला. सर्व राष्ट्रांत जाऊन शिकवा, ही आज्ञा त्यानंतरच्या ओळींत आहे. ती देण्याआधी येशूने त्या अकरांच्या दोन रांगा केल्या नाहीत.

आपल्याजवळचेच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरची त्यांची पत्रे प्रश्नांनी भरलेली आहेत. त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयी) आणि चर्चच्या अधिकाराविषयी, ज्या सिस्टरांनी त्यांना मायेने सांभाळले त्यांच्याशीच त्या वाद घालत राहिल्या, आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली मी दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले. पुढे आपल्या जीवनाची साक्ष लिहिताना त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. ही मधली आठ वर्षे त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, १८९० मध्ये ते पुण्यात आले, आणि विधवा मुली तिथे शिकू लागल्या त्या या आठ वर्षांतच. खात्री होईपर्यंत थांबायचे ठरवले असते तर? पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ साली आपल्या मृत्यूच्या उंबरठ्यावर ते पुरे केले. त्यांचे आठ दिवस म्हणजे आठ वर्षे होती, असे मला नेहमी वाटते.

विश्वासांगीकाराच्या वेळी आवाज फुटत नाही, याचे तुम्हांला अपराधी वाटते. ३२५ साली निकिया येथील धर्मपरिषदेने जो विश्वासांगीकार घडवला त्याची मूळ ग्रीकमधली सुरुवात ‘आम्ही विश्वास धरतो’ अशी अनेकवचनी आहे. तुमचा गळा दाटून येतो तेव्हा शेजारच्या बाकावरची माणसे ते शब्द तुमच्यासाठीही म्हणत असतात. चौदा वर्षे तुम्ही कोणाकोणासाठी ते म्हणत आला असाल, हे तुम्हांला ठाऊकही नसेल. गप्प उभ्या राहा. ढोंग कशात होईल? जे वाटत नाही ते वाटते आहे, असे डोळे मिटून, आवाज चढवून दाखवण्यात. ते तुम्ही करत नाही आहात.

आता वर्गाविषयी. तुम्ही राजीनामा द्यावा असे मला वाटत नाही. चौदा वर्षांनंतर तुम्ही अचानक दिसेनाशा झालात तर त्याचा अर्थ मुले आपापल्या परीने लावतील, आणि संशय आला की निघून जायचे असते, हा धडा काही न बोलता त्यांच्या मनावर उमटेल. पण आहे तसेच रेटत राहावे, हेही मला पटत नाही, कारण भावाला जाऊन वर्ष व्हायच्या आत दर आठवड्याला चमत्काराच्या गोष्टी हसतमुखाने सांगणे ही स्वतःवर केलेली जबरदस्ती आहे. पाळकसाहेबांना भेटून सांगा की चार-सहा महिने बरे करण्याच्या गोष्टी दुसऱ्या शिक्षकाने घ्याव्यात. गाणी, हजेरी आणि नाताळच्या नाटुकल्याची तयारी तुमच्याकडे राहू द्या. एवढेही झेपत नसेल तर काही महिन्यांची रजा घ्या, पण तिचे खरे कारण निदान एका माणसाला ठाऊक असू द्या. पाळकांशी बोलायचा धीर होत नसेल तर सुरुवातीला अर्धेच सांगून पाहा : ‘भाऊ गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही.’ त्यांनी अर्ध्या मिनिटात वचन उघडले तर आभार मानून उठा आणि दुसरे माणूस शोधा; त्यांनी ‘केव्हापासून?’ असे विचारले तर पुढचे सांगा. पुण्यात हे अवघड नाही. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी किंवा रामवाडीची ज्ञानदीप या धर्मशिक्षण संस्थांत शिकवणाऱ्यांपैकी कोणाची ओळख निघाली तर जरूर भेटा, कारण असे प्रश्न ऐकून न दचकणारी माणसे तिथे सापडतात. यहूदाच्या छोट्याशा पत्रात, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, असे एक वचन आहे. ते मंडळीला उद्देशून आहे. ती दया मागून घेण्याचा तुम्हांला हक्क आहे.

एक गोष्ट मला वेगळी सांगायची आहे. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. हे कित्येक आठवडे चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तापाला आपण गोळी घेतो तेव्हा आपला विश्वास उणा होत नाही, मग इथेच तो का व्हावा?

तुमच्या वडिलांविषयी लिहायचे आहे, आणि ते लिहिताना माझा हात थोडा जड होतो. रोज रात्री जेवणापूर्वी ते ‘प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो’ अशी प्रार्थना करतात, त्यांचा आवाज एकदाही कापत नाही, आणि म्हणून त्यांच्याशी हे बोलण्याची लाज वाटते, असे तुम्ही म्हणता. माझे वडील रविवारच्या उपासनेत पहिल्या रांगेत उभे राहून खड्या आवाजात गायचे. ते गेल्यानंतर त्यांचे पवित्र शास्त्र माझ्याकडे आले. काळ्या रेक्झिनची त्याची बांधणी मधोमध तडकली होती, आणि ते जिथे आपोआप उघडत होते तिथे ८८वे स्तोत्र होते. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. त्याच्या समासात पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत, सात तारखा लिहिलेल्या होत्या. पहिली तारीख माझी धाकटी बहीण गेली त्यानंतरच्या आठवड्यातली आणि शेवटची त्यानंतर एकवीस वर्षांनी. एकवीस वर्षे आम्ही एका ताटलीतून चटणी वाढून घेतली, आणि त्यांनी ते आम्हांला सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. ताई, तुमच्या वडिलांचा मुलगा गेला आहे. त्यांच्या न कापणाऱ्या आवाजाखाली काय आहे, हे तुम्हांला ठाऊक नाही. जूनमध्ये वर्षाची स्मरण-उपासना येईल, तेव्हा साक्ष द्यावी लागेल याची तुम्हांला आत्तापासून धास्ती आहे. साक्ष देऊ नका, १३वे किंवा ८८वे स्तोत्र वाचा. ते कोणते वाचावे, हे ठरवायला वडिलांजवळ जाऊन बसा. बोलणे तिथून आपसूक सुरू होईल.

मुलाला ‘योजना’ हे उत्तर पुन्हा देऊ नका. त्याला मामा हवा होता आणि तुम्ही त्याच्या हातात एक शब्द ठेवला. दार लावून घेतले ते त्याने त्या शब्दावर. क्लासला सोडताना स्कूटरवर तो तुमच्या मागे बसतो ना? या वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून बोलते करणे कठीण, पण पाठीमागे बसल्यावर चेहरे दिसत नाहीत आणि शब्द सुटे होतात. त्याला सांगा, “त्या दिवशी मी तुला नीट उत्तर दिले नाही. मलाही ठाऊक नाही, आणि मीही देवाला रोज हेच विचारते.” तो बंडगार्डनचा पूल संपेपर्यंत गप्प राहील कदाचित. राहू द्या. त्याचे दृढीकरण यंदा व्हायलाच हवे, असा आग्रह धरू नका; ते वचन त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचे असते, आणि एक वर्ष थांबायची त्याची इच्छा असेल तर पाळकांशी तसे बोलायला तुम्ही त्याच्याबरोबर जा. नातेवाईक काय म्हणतील, हा प्रश्न इथे बाजूला ठेवा.

राहिला थोमाचा पाठ. तो मात्र दुसऱ्या कोणाला देऊ नका. या वर्षी तुमच्या मंडळीत तो तुमच्याइतका कोणी शिकवू शकणार नाही. येशू जखमा दाखवतो तिथपर्यंत धावत जाऊ नका, आणि भावाविषयी बोलायची तर मुळीच गरज नाही. ‘आठ दिवसांनंतर’ या शब्दांपाशी गोष्ट थांबवा आणि मुलांना विचारा : या आठ दिवसांत थोमाबरोबर जेवायला कोण कोण बसले असेल? उत्तर तुम्ही सुचवू नका. पेत्र म्हणतील, योहान म्हणतील, मरीया म्हणतील, एखादे लहानगे ‘त्याची ताई’ असेही म्हणेल. येतील ती सगळी नावे फळ्यावर लिहून घ्या, आणि वर्ग सुटल्यावर फळा लगेच पुसू नका.